अवधाण येण्याआधी

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरीत, दवाखान्यात नवा पेशंट जाणार असला की त्याच्यापुढे आधी फॉर्म येतो. हल्ली तर तो घरी असतानाच फोनवर येतो. त्यात एक रकाना असतो: आज कशासाठी येत आहात? शिश्नावरचा चट्टा दोन महिने झाले तरी जात नाही म्हणून निघालेला मराठी माणूस त्या रकान्यात फार तर ‘रॅश’ लिहील. सोलापूर जिल्ह्यात, बार्शीत, केसपेपर काढणारा शेतकरी त्याच चट्ट्याला ‘खाज’ म्हणेल. दोघेही खोटे बोलत नाहीत. मात्र दोघांनीही जागा सांगितलेली नसते, आणि या आजारात जागा कळली की निम्मे काम झालेले असते.

आजार म्हणजे शिश्नाचा कर्करोग, आणि त्याच्या आधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे दिसत राहणारे लाल-पांढरे चट्टे. इतका उघड्यावरचा कर्करोग दुसरा क्वचितच सापडेल. तो पोटात दडलेला नाही, फुप्फुसाच्या टोकाशी नाही. त्याचा पहिला संशय यायला दुर्बीण लागत नाही, एमआरआय लागत नाही, रक्ताची तपासणीही लागत नाही. शंभरातले सुमारे पंचाण्णव कर्करोग त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींतून सुरू होतात, म्हणजे हा जवळपास त्वचेचाच कर्करोग. माणूस दिवसातून पाच-सहा वेळा तो अवयव हातात घेतो. तरीही डॉक्टरांकडे पोचायला वर्ष-वर्ष लावलेले रुग्ण जगभर भेटतात, श्रीमंत देशांतही. बार्शीत पैसा आणि अंतर आडवे येते, हे मान्य. कॅरीत तसे नाही. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन मोठी विद्यापीठे, त्यांची कर्करोग केंद्रे अर्ध्या-पाऊण तासावर; बहुतेक मराठी घरांत नोकरीचा विमा. तरीही तो रकाना ‘रॅश’नेच भरला जात असेल, तर अडचण यंत्रांपाशी शोधून उपयोग नाही. ती जिभेवर आहे.

आकडे लहान आहेत, आणि तेही घात करतात. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१०० पुरुषांना हा कर्करोग होतो, लाखात एकालाही नाही. जगात २०२० साली अंदाजे ३६ हजार नवे रुग्ण मोजले गेले. त्यांतले १० हजारांहून अधिक एकट्या भारतातले होते. याचा अर्थ असा, की कॅरीच्या फॅमिली डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण दिसला नसेल, तर त्यात नवल नाही. शिवाय अमेरिकेत जन्मलेल्या पुरुषांत सुंता झालेल्यांचे प्रमाण मोठे. अग्रत्वचेखालचे आजार, म्हणजे ती घट्ट होणे, पांढरी पडणे, आतून चिरणे, हे त्या डॉक्टरच्या रोजच्या पाहण्यातले नसतात. मराठी घरांतला पुरुष बहुधा सुंता न झालेला. ज्या मुलखात हा आजार तुलनेने जास्त आहे तिथून तो आलेला, आणि ज्याने तो कधी पाहिलेला नाही अशा माणसासमोर बसलेला. डॉक्टर विचारतो, ‘आणखी काही त्रास?’ तो म्हणतो, ‘नाही.’ वार्षिक तपासणी संपते.

बार्शीचे नाव इथे उगाच आलेले नाही. १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे त्यात घेतली होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यातला माणूस रुग्णालयात गेलेलाच नसे, मग कागद कुठला? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते गावोगाव फिरत, लोकांना कर्करोगाच्या खाणाखुणा सांगत, संशय वाटेल त्याला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात आणत. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीने हे काम वर्षानुवर्षे चालवले. या नोंदींत बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत वर होता, आणि पुरुषांमध्ये शिश्नाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा जास्त होते. नोंद करायची म्हणजे आधी विचारायचे, आणि विचारायचे म्हणजे चावडीवर, पारावर, ओसरीवर बसून या अवयवाचे नाव घ्यायचे. त्या कार्यकर्त्यांनी ते घेतले. मराठीतून घेतले. महाराष्ट्राच्या आरोग्याच्या इतिहासात या गोष्टीचे मोल कुठल्याही यंत्राइतके धरायला हवे.

बायकांच्या बाजूने हे काम पुढे गेले. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ५२ गावगटांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. गर्भाशयमुखाची एचपीव्ही विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी केली, तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मराठवाड्यातल्या बायकांच्या अंगावर सिद्ध झालेली ही गोष्ट आज जगभरच्या धोरणांत वापरली जाते. पण तो विषाणू बायकांपाशी एकट्याने येत नाही. ज्या घरांतल्या बायका तपासल्या गेल्या, त्याच घरांतल्या पुरुषांच्या त्वचेवरही तो राहतो, शिश्नाच्या कर्करोगाची एक वाटही त्याच्यातूनच जाते, आणि पुरुषांसाठी अशी कुठलीही चाळणी आजवर नाही. तसे होण्याला शास्त्रीय कारण आहे: पुरुषांतला हा कर्करोग विरळा आणि विषाणू मात्र सर्रास आढळणारा, त्यामुळे सरसकट चाचणीतून हाती फारसे लागत नाही. पुरुषाच्या बाबतीत चाळणी म्हणजे त्याचे स्वतःचे डोळे, आणि दिसले ते बोलणारे तोंड.

हा विषाणू किती सर्रास, हे एकदा नीट समजून घ्यावे, कारण नवरा-बायकोतले निम्मे भांडण तिथेच मिटते. अमेरिका, ब्राझील आणि मेक्सिको इथल्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पाहिलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांच्या जननेंद्रियांवर एचपीव्हीचा कुठला ना कुठला प्रकार सापडला. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात, विशेषतः सोळाव्या क्रमांकाचा प्रकार, मुक्काम ठोकतो, त्यांच्यातल्या थोड्यांना पुढे त्रास होतो. तो कधी लागला, कोणाकडून आला, हे चाचणी सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. शिश्नावरच्या चट्ट्याच्या अहवालात ‘एचपीव्ही’ ही अक्षरे आली म्हणून नवऱ्याने काल-परवा काही केले, असा निष्कर्ष काढता येत नाही. खेड्यात अशा चट्ट्याला ‘गरमी’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात आजार कमी, आरोप जास्त असतो. बायको काय म्हणेल या धास्तीने पुरुष गप्प बसतात.

शिवाय जवळपास निम्म्या रुग्णांत हा विषाणू नसतोच. दुसरी वाट आहे ती दीर्घकाळच्या दाहाची. अग्रत्वचा घट्ट होऊन मागे सरत नाही, आत मळ साचतो, जागा चिघळते, पुन्हा भरते, पुन्हा चिघळते. तंबाखू, मग ती ओढलेली असो वा खाल्लेली, या धोक्यात भर घालते. या वाटेवरचा नेहमीचा सोबती म्हणजे लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचाविकार. त्यात शिश्नमणी आणि अग्रत्वचा पांढरट, चकचकीत, कातडी कागदासारखी पातळ होते. हळूहळू वण धरून सगळे आवळत जाते. आपल्याकडे पांढरा डाग दिसला की मनात पहिला शब्द येतो ‘कोड’, आणि कोडाची भीती अशी, की माणूस तो डाग कपड्याआड ठेवून मोकळा होतो. हा कोड नव्हे. तीव्र स्टेरॉइड मलमाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बहुतेकांना उतार पडतो. काहींना सुंता करावी लागते. थोड्या पुरुषांत पुढे तिथेच कर्करोग उद्भवतो, म्हणून बरे वाटले तरी नजर ठेवावी लागते.

इथे मधुमेहाचा उल्लेख टाळून चालणार नाही, कारण मराठी घरांत तो कुणाला ना कुणाला असतोच. साखर वाढली की अग्रत्वचेखाली बुरशी वाढते, कातडी चिरते, वण पडून घट्ट होते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी गुणकारी आहेत, पण त्यांनी ही बुरशी वाढू शकते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अग्रत्वचा मागे जाईनाशी झाली, तर रक्तातली साखर तपासावी आणि ती त्वचाही कुणाला तरी दाखवावी. बहुतेक वेळा निघते ते मधुमेहाचेच दुखणे. पण घट्ट कातडीखाली दुसरे काही असेल, तर ते कातडी मागे घेऊन पाहिल्याशिवाय कळणारच नाही.

आता त्या लाल चट्ट्याकडे. १९११ साली पॅरिसच्या क्वेराने शिश्नमणीवरच्या मखमली, चकाकत्या लाल चट्ट्याचे वर्णन केले. १९१२ साली बॉस्टनच्या बोवेनने त्वचेवरच्या तशाच एका बदलाचे. दोघांची नावे अजून पुस्तकांत आहेत, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकच ठरतात: पेशी बिघडलेल्या आहेत, मात्र त्वचेच्या वरच्या थरातच आहेत, खाली उतरलेल्या नाहीत. हा कर्करोगाचा उंबरठा. काहींत तो कधीच ओलांडला जात नाही, काहींत ओलांडला जातो. शिश्नमणीवरच्या चट्ट्यात हा धोका जास्त. अवघड भाग असा, की अगदी निरुपद्रवी दाहही, ज्याला झूनच्या नावाने ओळखतात, असाच लाल आणि चकचकीत दिसतो. सोरायसिस तसाच दिसतो, बुरशीही. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञसुद्धा केवळ पाहून ठामपणे सांगत नाही. तो तुकडा काढतो.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’, ‘लोखंड लागले की भडकतो’ या समजुती बार्शीत आहेत तशा कॅरीतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतही फिरत असतात. त्या चुकीच्या आहेत. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका घालतात, आणि काही दिवसांत कळते की हा दाह आहे, उंबरठा आहे की कर्करोग. पसरतो तो तुकडा न काढल्याने. त्यातही सर्वांत मोठे नुकसान करते ती मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली ट्यूब. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची खिचडी असलेली ही मलमे भारतात चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात, आणि अमेरिकेला येणाऱ्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी बसून कॅरीपर्यंत पोचतात. लावली की लाली उतरते, खाज थांबते. आतला बदल तसाच राहतो आणि डोळ्यांना दिसणारी खूण तेवढी पुसट होते. गजकर्णाला लावलेली ट्यूब तिथेही लावून सहा-सहा महिने काढणे हा या आजाराच्या कहाणीतला नेहमीचा अध्याय आहे. नीट निवडलेल्या उपचारानेही जो चट्टा तीन-चार आठवड्यांत जात नाही, त्याचा तुकडा तपासायला हवा, एवढे एक वाक्य घराघरात माहीत झाले तरी पुष्कळ.

उंबरठ्यावर सापडलेल्याला फार थोडे गमवावे लागते. इमिक्विमोड किंवा फ्लुरोयुरॅसिलचे मलम, लेझर, अग्रत्वचेपुरता असेल तर सुंता, शिश्नमणीवर असेल तर वरची त्वचा काढून तिथे दुसरीकडची पातळ त्वचा बसवणे. अवयव राहतो, लघवी उभ्याने होते, संबंध राहतात. पुढची काही वर्षे नियमाने दाखवत राहायचे, एवढी अट. कर्करोग थोडा आत उतरला असेल तरीही आज शक्य तितका अवयव वाचवतात. पूर्वी गाठीपलीकडे दोन सेंटिमीटर निरोगी भाग कापलाच पाहिजे असा दंडक होता. त्यात कित्येकांचा अवयव गेला. नंतर दिसून आले की काही मिलिमीटरही पुरतात. तिथे आजार परतण्याची शक्यता थोडी वाढते, पण लक्ष ठेवले तर तो वेळीच पकडता येतो आणि आयुष्य कमी होत नाही. लहान गाठींवर आतून किरणोत्सर्गाचा उपचारही होतो. उशीर झालेल्याचा मात्र अर्धा किंवा पूर्ण अवयव काढावा लागतो, आणि पूर्ण काढल्यावर लघवीची वाट मांड्यांच्या मधोमध खाली करून द्यावी लागते. तो माणूस त्यापुढे बसूनच लघवी करतो. हे वाचताना अंगावर काटा येतो, येऊ द्यावा. दोन महिने आणि दोन वर्षे यांतला फरक दुसऱ्या कुठल्या शब्दांनी सांगता येत नाही.

मराठीत ‘अवधाण’ असा एक शब्द आहे. पायाला काटा रुतला, जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते, ते अवधाण. गावाकडच्या आजीला शरीररचनेचे पुस्तक ठाऊक नसते, पण खालची जखम आणि वरची गाठ यांचे नाते तिला पक्के ठाऊक असते. शिश्नाच्या कर्करोगात माणसाचे भवितव्य जवळजवळ याच एका गोष्टीवर ठरते: जांघेतल्या ग्रंथींपर्यंत तो पोचला आहे की नाही. जागेवरच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर पाचांतले जवळपास चार रुग्ण हयात असतात. ग्रंथींत गेला की हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. आणि हाताला गाठ लागत नसली तरी चारांतल्या जवळपास एका रुग्णात ग्रंथींमध्ये सूक्ष्म बीज पोचलेले असू शकते.

वैद्यकाच्या एका मोठ्या शोधाची सुरुवात याच जांघेतून झाली, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रॅमोन काबान्यास या पॅराग्वेच्या शल्यविशारदाने १९७७ साली शिश्नाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले, की लसिका वाहत जाते ती आधी एका ठराविक ग्रंथीकडे. ती पहारेकरी ग्रंथी स्वच्छ असेल तर पुढच्या ग्रंथी बहुधा स्वच्छ असतात. तंत्र नंतर सुधारले, ॲमस्टरडॅममध्ये १९९० च्या दशकात ते किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग वापरून नेमके झाले. आज स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या सगळ्या ग्रंथी न काढता एक-दोनच तपासतात, आणि त्यामुळे असंख्य बायकांचे हात सुजण्यापासून वाचतात. ज्या आजाराचे नाव कोणी घेत नाही, त्याच्या रुग्णांनी हे देणे दिलेले आहे.

बायकांच्या बाजूलाही अगदी जुळे चित्र आहे. पाळी गेल्यानंतर योनीच्या बाहेरच्या त्वचेवर तोच लायकेन स्क्लेरोसस येतो, पांढरेपणा आणि रात्रीची असह्य खाज घेऊन. घरात त्याला ‘वयाची खाज’ म्हणतात, त्यावर खोबरेल तेल लावतात. तिथेही कर्करोगाच्या उंबरठ्याच्या दोन वाटा आहेत, एक विषाणूची आणि एक दाहाची, आणि तिथेही निदान तुकड्यानेच होते. सासू आणि सासरे दोघेही त्याच छताखाली, तेच दुखणे, तीच चुप्पी, असे एकाच घरात घडू शकते.

कॅरीतल्या तरुण जोडप्याला हा विषय पहिल्यांदा सामोरा येतो तो प्रसूतीच्या खोलीत. मुलगा झाला की विचारले जाते: सुंता करायची का? मराठी आईबापांना या प्रश्नाची सवय नसते. घाईत होकार किंवा नकार जातो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली म्हटले, की फायदे जोखमीपेक्षा जास्त आहेत, पण सर्व बाळांना सरसकट सुचवावे इतके नाहीत, निर्णय आईबापांचा. लहानपणी झालेल्या सुंतेने या कर्करोगाचा धोका खूप घटतो, हे खरे. मात्र आजारच इतका विरळा, की एक रुग्ण टळावा म्हणून किती सुंता कराव्या लागतील याचे त्याच अहवालातले अंदाज ९०९ पासून ३ लाख २२ हजारांपर्यंत पसरलेले आहेत. तेव्हा केवळ कर्करोगाच्या भीतीने ‘हो’ म्हणायचे कारण नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्यांवर मात्र एक काम येऊन पडते: मुलगा मोठा होताना त्याला ती जागा रोज पाण्याने धुवायला शिकवणे. बाळाच्या अंघोळीच्या वेळी तेल लावून कातडी जोराने मागे ओढण्याची आपल्याकडची रीत मात्र सोडावी. त्या वयात ती चिकटलेलीच असते. ओढल्याने चिरते, वण पडतो, आणि टाळायचे तेच घडते. ती आपली आपण सुटते, कधी शाळेच्या वयात, कधी त्याहून उशिरा.

दुसरा प्रसंग येतो मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाला की. नॉर्थ कॅरोलिनात सातवीत जाताना दोन लशी सक्तीच्या आहेत, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची आणि मेनिंजायटिसची. एचपीव्हीची लस शिफारशीत आहे, सक्तीत नाही. मुलग्यांसाठी ही शिफारस २०११ पासून आहे. याच राज्याच्या मधल्या पट्ट्यातल्या दवाखान्यांत, म्हणजे कॅरीच्याच आसपासच्या मुलखात, चॅपेल हिलच्या नोएल ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१७ साली छापून आला. काही दवाखान्यांतल्या डॉक्टरांना शिकवले, की आईबापांशी या लशीवर मोकळी, सविस्तर चर्चा करा. काहींना शिकवले, की साधे जाहीर करा: मुलगा अकराचा झाला, आज त्याच्या लशी, त्यात ही एक. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा, काहीच न शिकवलेल्या दवाखान्यांच्या तुलनेत, जाहीर करणाऱ्या दवाखान्यांत लस सुरू केलेल्या मुलांचे प्रमाण ५.४ टक्क्यांनी जास्त वाढले होते. चर्चावाल्यांत तसा फरक पडला नाही.

हा प्रयोग लशीपुरता नाही, असे वाटते. लांबलचक प्रस्तावनेने विषय मोठा होतो, अवघड होतो, लाजेचा होतो. धनुर्वात आणि मेनिंजायटिसच्या ओळीत बसवला की तो नेहमीचा होतो. पुण्यातून येणाऱ्या बातमीलाही हेच लागू आहे. सिरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. तिला ९ ते २६ वयाच्या मुलींइतकीच मुलांसाठीही मान्यता आहे. नाव आणि जाहिरात यांमुळे ती ‘मुलींची लस’ झाली. शिश्नाचा कर्करोग विरळा असल्याने लशीने तो थेट टळतो, हे आकड्यांत दाखवायला फार वर्षे लागतील. पण लस घेतलेल्या मुलग्यांत जननेंद्रियांवरच्या चामखिळी आणि विषाणूचा मुक्काम खूप कमी झाला, हे चाचण्यांत दिसले आहे. सोळाव्या प्रकाराला अडवणारी लस हाताशी असताना मुलग्यांना तिच्यापासून दूर ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

हा सगळा विषय मराठीला परका नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. सुश्रुताच्या ग्रंथात आवळून बसलेल्या अग्रत्वचेला ‘निरुद्धप्रकश’ असे नाव आहे, आणि तूप लावलेली नळी घालून ती हळूहळू सैल करण्याचा उपाय आहे. अवयव वाढवण्यासाठी लावलेल्या लेपांमुळे होणाऱ्या अठरा विकारांची यादी आहे, आणि त्यांतला ‘मांसार्बुद’ असाध्य म्हणून वेगळा काढलेला आहे. विसाव्या शतकात, १९२७ साली, गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवले. लैंगिक आरोग्यावर ते साध्या मराठीत लिहीत, वाचकांच्या प्रश्नांना नेमकी उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. जिथे शब्द आहेत, ते वापरल्याबद्दल शिक्षा सोसलेली माणसे आहेत, त्या भाषेत अजून ‘गुप्तरोग’ हाच शब्द दवाखान्याच्या पाट्यांवर टिकून आहे. गुप्त म्हटले की लपवायचे आले. त्या पाटीखालच्या पायऱ्या चढताना माणूस आजूबाजूला पाहतो, आणि कर्करोगाचा चट्टा असलेला साठीचा माणूस त्या पायऱ्या चढतच नाही, कारण त्याला ‘तसला’ आजार नाही अशी त्याची खात्री असते.

शिश्न हा शब्द पुस्तकी वाटत असेल तर ‘लघवीची जागा’ म्हणावे. ‘लघवीच्या जागेवर चट्टा आहे, दीड महिना झाला, मलम लावले तरी जात नाही.’ डॉक्टरला पुढचे सगळे यातून कळते. इंग्रजीत सांगणाऱ्याने ‘रॅश’ या शब्दापुढे जागेचे नाव आणि आठवडे लिहावेत. आणि डॉक्टरने न पाहताच मलम लिहून दिले, तर ‘एकदा पाहा’ असे म्हणावे. फोनवरून, कॅमेऱ्यातून हे काम होत नाही. त्याने त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावे असा आग्रह धरावा. निदान कर्करोगाचे निघाले, तर असे रुग्ण नेहमी हाताळणाऱ्या केंद्रातच जावे. इंग्लंडने या विरळ्या कर्करोगाचे उपचार विसाएक वर्षांपूर्वीच मोजक्या केंद्रांत एकत्र आणले, ते अनुभव एका हाती साठावा म्हणून. नॉर्थ कॅरोलिनात मोठी केंद्रे जवळ आहेत. महाराष्ट्रात परळचे टाटा आहे.

सर्वांत अवघड जागी उभा असतो तो सहा महिन्यांसाठी मुलाकडे कॅरीला आलेला बाप. प्रवासी विम्यात आधीपासूनच्या आजाराचा खर्च बहुधा बसत नाही, हे त्याला ठाऊक असते. मुलाला खर्चात पाडायचे नाही, हेही त्याने ठरवलेले असते. म्हणून निघण्याआधी पुण्या-नाशकातच दाखवून घेणे चांगले, आणि इथे आल्यावर काही दिसले तर परतीच्या तिकिटापर्यंत थांबू नये. त्याला खरे अडवते ते वेगळेच. दवाखान्यात त्याच्या शेजारी मुलगा किंवा सून दुभाषा म्हणून बसलेली असते. सुनेच्या तोंडून स्वतःच्या शिश्नाबद्दलचे प्रश्न ऐकण्यापेक्षा तो ‘काही नाही, गुडघे दुखतात’ म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ प्रमाणे, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या अमेरिकन रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला प्रशिक्षित दुभाषा फुकट द्यायचा असतो. घरच्या माणसांवर काम भागवायचे नसते. तो बहुधा फोनवर किंवा पडद्यावर येतो, अनोळखी असतो, आणि ऐकलेले गुप्त ठेवायला बांधील असतो. ‘मराठी दुभाषा हवा’ एवढे अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचे. मग मुलाने बाहेर, प्रतीक्षेच्या खोलीत बसावे. आत बापाने त्या अनोळखी मराठी आवाजाला आपल्या शब्दांत, हवे तर गावाकडच्या शब्दांत, सांगावे: खाली चट्टा आहे, जांघेत अवधाण आल्यासारखे वाटते.